जाखाईची नथ

१

जाखाईची नथ गेली, असं चिंधू गुरव गाभाऱ्यातून ओरडला आणि त्या क्षणी देवळात जेवढी माणसं होती तेवढी सगळी चोर ठरली. त्यात मीही आलो. मी भिवंडीच्या कोर्टात वकिली करतो, त्यामुळे मला चोर म्हणायला लोकांना एरवीही फारसं कारण लागत नाही. पण चैत्राच्या यात्रेत, मुंगीलाही वाट मिळणार नाही अशा गर्दीत, देवीच्या नथीचा संशय डोक्यावर घेऊन उभं राहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

लडकू पाटलानं मोठा दरवाजा लावून अडसर घातला. हा पंचांचा मुख्य. एरवी मवाळ माणूस, पण देवीचं काही निघालं की त्याला दुसरं काही दिसत नसे. अंबाडीच्या पुढे टेकडीवरचं हे देऊळ. चौऱ्याहत्तर साली तिथं वीज नव्हती, टेलिफोन नव्हता. वर यायला एकच कच्चा रस्ता आणि तो माणसांनी भरलेला. बंदोबस्ताचा एकुलता एक शिपाई खाली पायथ्याशी अडकलेला.

आम्ही तिथं का गेलो, तर माझ्या थोरल्या बहिणीच्या पाहुणीसाठी. आनंदीआक्का भिवंडीच्या दवाखान्यात नर्स होती आणि तालुक्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली होती. पाहुणी होती इंगा नावाची डेन्मार्कची डॉक्टरीण. देवीच्या रोगाचं उच्चाटन करायच्या मोहिमेवर ती आली होती. ज्या रोगाला आपण देवी म्हणतो ती देवी असते तरी कशी, हे तिला बघायचं होतं. आक्का म्हणाली, चल दाखवते. मला कशाला ओढलं कोण जाणे. चौथा आमच्याबरोबर होता मोहिमेच्या जीपचा ड्रायव्हर इद्रीस, आमच्याच आळीतला, लग्न होऊन वर्ष झालेला मुलगा. तो देवळात आलाच नव्हता. बाहेर पिंपळाखाली जीपमध्ये बसून होता.

बायकांनी बायकांना तपासलं, पुरुषांनी पुरुषांना. इंगाची पिशवी उलटी केली, कॅमेऱ्यातली फिल्म ओढून काढली. नथ कुठंच नाही. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, गोरी बाई मघाशी बाहेर जाऊन त्या ड्रायव्हरला काहीतरी देऊन आली. चिंधूचा धाकटा भाऊ रघू म्हणाला, ती देवीची ओटी होती, ते मीही पाहिलं. पण ओटीच्या आडून आणखी काय दिलं, ते कोण सांगणार?

इद्रीसला आत आणलं तेव्हा त्याचा सदरा खांद्यापासून फाटलेला होता. आम्हा चौघांना सभामंडपाच्या कडेच्या ओवरीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. कडी घालण्याआधी लडकू पाटील आक्काला एवढंच बोलला.

"आक्का, पालखी निघायच्या आत नथ मिलाली न्हाय तर लोकं माज्या हातात न्हाय राहनार. बाईला सरकार सोडवील. पोराचा मी काय सांगू शकत न्हाय."

२

ओवरीला एक झरोका होता, हाताएवढा. त्यातून धुपाचा वास, घामाचा वास आणि माणसांची गुणगुण आत येत होती. मध्येच कोणीतरी दारावर मूठ आपटून जाई. चार वर्षांपूर्वीच्या दंगलीत भिवंडीत जे घडलं ते आक्का, इद्रीस आणि मी पाहिलं होतं, त्यामुळे त्या मुठीचा अर्थ एकमेकांना सांगायची गरज नव्हती. इंगाला तो आमच्या तोंडांवरून कळला असावा. मी तर वकील, पण कायद्यातलं एकही कलम आठवत नव्हतं.

आक्का भिंतीला टेकून बसली आणि तिनं इंगाला सुरुवातीपासून सांगायला लावलं. इंगाचं सांगणं सरळ होतं. कापराची मोठी आरती झाली. तेव्हा नथ देवीच्या नाकात होती, ती तिनं पाहिली आणि साऱ्या देवळानं पाहिली. आरती संपताच पाटलानं पाहुणी म्हणून तिला सगळ्यांच्या आधी पुढे घेतलं. चिंधूची बायको ठकुबाई हिनं तिची ओटी देवीला वाहिली. मग चिंधूनं रिवाजाप्रमाणे देवीच्या मांडीवरच्या तांदळाच्या राशीतून एक ओंजळ परत दिली. इंगाला पदर नव्हता, म्हणून आक्कानंच आपला मोठा रुमाल पसरला आणि गाठ मारली. फोटो काढायला हात मोकळे हवेत म्हणून इंगानं ती गाठोडी इद्रीसला नेऊन दिली आणि ती परत आत आली. थोड्या वेळानं चिंधू ओरडला.

"आणि ओरडण्याआधी चिंधू काय करत होता?" आक्कानं विचारलं.

इंगा आठवत म्हणाली की तो देवीच्या पायाशी गुडघे टेकून काहीतरी चाचपत होता. तिला वाटलं, तीही पूजाच असेल.

इद्रीस कोपऱ्यात उकिडवा बसला होता, मांडीवर ती गाठोडी घेऊन. त्याची टोपी उलटी करून पाहिली होती, बूट काढले होते, जीपच्या गाद्या चाकूनं फाडल्या होत्या. "रघूभाऊने ये गाठोडी भी उचलली," तो म्हणाला, "पण कपाळाला लावली न् परत माझ्या हातात दिली. मॅडमनी सांगितलेलं, घरी जाईपर्यंत सोडायची न्हाय. मी न्हाय सोडली, आक्का."

यात नवल काही नव्हतं. जाखाईची ओटी वाटेत सोडत नाहीत, घरी देवापुढेच सोडतात. नाहीतर दिलेलं देवी परत घेते, असं सगळी पंचक्रोशी मानते.

आक्का उठली आणि दारावर थाप मारून म्हणाली, "लडकू, तुझा नवशा पायाळू होता. त्याला मी बाहेर काढलं तेव्हा तू माझ्यापुढे हात जोडून उभा होतास. आता दार उघड, मला चार माणसांशी बोलायचं आहे."

कडी निघाली. पाटील खाली मान घालून उभा होता. तो म्हणाला, विचार कोणालाही, पण देवळातल्या प्रत्येकानं देवीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली आहे की नथ मी चोरली नाही. चिंधूनं सगळ्यांच्या आधी घेतली. जाखाईची खोटी शपथ या मुलखात कोणी घेत नाही. राहिला इद्रीस. तोही शपथ घ्यायला तयार होता, पण त्याची शपथ कोणत्या देवाची धरायची, असा पंचांना प्रश्न पडला.

"म्हणजे सगळे खरंच बोलतायत," आक्का म्हणाली.

 सगळे खरे, तर खोटा इद्रीस एकटाच उरला, आणि ते माझ्या सख्ख्या बहिणीनं पाटलाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

३

आधी रघू. दोघा भावांत पूजेची पाळी वर्षावर्षानं बदलत असे आणि पाडव्यापासून ती रघूकडे यायला हवी होती. चिंधूनं ती सोडलीच नव्हती. यात्रा पार पडू दे, मग बघू, असं म्हणत राहिला. रघूचा राग त्याच्या बोलण्यात उघड होता, आणि ज्याला भावाचं नाक कापायचं आहे तो नथ का उचलणार नाही, असं माझ्या वकिली डोक्यात आलं. आक्काला मात्र वेगळंच खटकलं. भावाची पाळी अडवून चिंधूला काय मिळणार होतं? यात्रेचं उत्पन्न दोघांत सारखंच वाटलं जाई. मग गाभारा सोडायला तो का तयार नव्हता?

मग ठकुबाई. ती आधीच रडून सुजली होती. आक्कानं तिचा हात हातात घेतला आणि तिच्या मुलाबाळांची चौकशी करत करत विचारलं की देवीला आंघोळ कोण घालतं. ठकुबाई म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून मीच घालायची. गेल्या यात्रेनंतर नवऱ्यानं ते काम काढून घेतलं. आता तो पडदा ओढून एकटाच घालतो, शेंदूरही एकटाच चढवतो. का, ते तिनं विचारलं नाही. नवऱ्याला कसं विचारायचं?

शेवटी आक्का गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली. मी तिच्या मागे. आत समयांची धग अशी की कपाळावरचं कुंकू ओघळावं. जाखाई मांडी घालून बसलेली, अंगभर शेंदूर, मांडीवर तांदळाची रास. चिंधू एका बाजूला उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसलं, पण राग दिसला नाही. ज्याच्या देवीला लुटलं आहे त्याला राग यायला हवा होता.

"नथ कशानं बांधलेली असते, चिंधू?"

"रेसमाच्या दोऱ्यानं. नाकातून मुकुटापोत."

"मग चोरानं तो तोडला असणार. तुटलेला दोरा दाखव."

चिंधू म्हणाला, चोरानं दोराही नेला असेल. आक्का मुकुटाकडे बघत राहिली. तिथं दोऱ्याचा एक धागाही नव्हता, आणि दोरा घासून शेंदरावर जो वळ पडतो तोही नव्हता. नाकावर मात्र शेंदराचा जाड थर होता आणि तो समईच्या उजेडात ओला चकाकत होता. हे सगळं मीही पाहिलं. पण माझं लक्ष बाहेरच्या आवाजाकडे होतं, कारण देवीला न्यायला येणाऱ्या पालखीचे ढोल खालच्या वळणावर ऐकू येऊ लागले होते.

आक्का मागे वळली, ओवरीत आली आणि इद्रीससमोर बसली. तिनं त्याच्या मांडीवरच्या गाठोडीवर दोन्ही हात ठेवले. पोटावरून हात फिरवून बाळ कसं आहे ते सांगणारी तिची बोटं. ती रुमालावरून हळूहळू दाबत गेली आणि एका जागी थांबली.

"नथ यात आहे," ती म्हणाली.

४

इद्रीसनं गाठोडी विंचू चावल्यासारखी सोडून दिली. ती मी झेलली, पण मलाही ती नकोशी झाली आणि मी ती परत त्याच्या मांडीवर ठेवली. आतापर्यंत आम्ही निर्दोष होतो आणि अडकलो होतो. आता मुद्देमाल आमच्याच हातात होता. बाहेर हजार माणसं, मोठ्या दाराला अडसर, आणि ज्याच्यावर संशय त्याच्याच मांडीवर देवीची नथ!

"मी न्हाय टाकली, आक्का. अल्लाकसम, मला ठाऊक पण नव्हतं," इद्रीस म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तू नाही टाकलीस. चिंधूनं टाकली, आणि त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं," आक्का म्हणाली. मग तिनं आम्हाला हलक्या आवाजात समजावलं. नथ दोऱ्यानं बांधलेली नव्हतीच, ती मेणानं चिकटवलेली होती. मोठ्या आरतीत कापराचं तबक देवीच्या तोंडाशी नेतात. त्या धगीनं मेण सुटलं आणि नथ खाली मांडीवरच्या तांदळात पडली. लगेच चिंधूनं डोळे मिटून मंत्र म्हणत ओंजळ भरली, ती इंगाला दिली. पहिली ओटी तिचीच होती. सगळं देऊळ तपासलं, पण बांधलेली ओटी कोणी सोडली नाही, कारण ती सोडायची नसते हे तपासणाऱ्यांनाही माहीत होतं. रघूनं तर तिला नमस्कार केला. म्हणून सगळ्यांच्या शपथा खऱ्या. चोरी झालीच नाही.

मी म्हटलं, झरोक्यातून टाकून देऊ. आक्का म्हणाली, टाक, म्हणजे नथ कधीच मिळणार नाही आणि इद्रीस मरेपर्यंत चोर राहील, आणि आज मरेपर्यंत फार वेळ नाही. मग मी म्हटलं, गुपचूप नेऊन देवीमागे ठेवू. तर म्हणाली, आपण ठेवताना दिसलो तर आपणच चोरली ठरेल. हे चिंधूनंच सांगायला हवं, आणि गाठ सुटायच्या आधी सांगायला हवं. नंतर सांगून कोणी ऐकणार नाही.

गाभाऱ्याचा पडदा ओढून आक्का, मी आणि चिंधू आत उभे राहिलो. आक्कानं नथीचं सांगितलं नाही. फक्त विचारलं, "नाक कधी तुटलं, चिंधू?"

तो देवीपुढे खाली बसला आणि सांगू लागला. गेल्या यात्रेनंतर आंघोळ घालताना नथीच्या भोकापासून दगडाचा कपचा निघाला होता. दोरा ओवायला जागाच उरली नाही. तेव्हापासून तो मेणात शेंदूर मिसळून नथ चिकटवत होता. आज ती पडली, हे त्याला ओटी देऊन झाल्यावर कळलं. पायाशी चाचपली, मांडीवरचे तांदूळ उपसले, सापडली नाही, आणि नथ पडली कशी हे कोणी विचारायच्या आत ती गेली म्हणून तो ओरडला. नथ चोरली नाही, ही शपथ त्यानं खरीच घेतली होती.

"भग्न मूर्त पुजत न्हाईत, आक्का," तो म्हणाला. "ही लोकं आईला उचलून नदीत सोडतील. माज्या बापजाद्यांनी हिची सेवा केली. माज्या हातून तिचा असा व्हायचा?"

"आणि बाहेर तो मुलगा आहे. त्याला उचलतील."

चिंधूनं तोंड ओंजळीत झाकलं. ढोल आता देवळाच्या अंगणात वाजत होते. आक्कानं त्याला सांगितलं की नथ इद्रीसच्या हातातल्या ओटीत आहे आणि ती त्याच्याच ओंजळीनं गेली आहे. हे ठाऊक असलेला गावातला तो एकटाच. त्यानं सांगितलं तर इद्रीस सुटेल. न सांगितलं तर गाठ कोणीतरी सोडेलच आणि मग इद्रीसचं काही खरं नाही.

तिनं त्याला शपथ घातली नाही की धमकी दिली नाही. आम्ही पडदा सारून ओवरीत परत आलो. चिंधू तिथंच देवीपुढे बसून राहिला.

५

पालखी दारात आली आणि पाटलाला थोपवता येईना. मोठ्या दाराचा अडसर काढावाच लागला, आणि बाहेरची गर्दी आत घुसून ओवरीच्या दाराला भिडली. आम्ही आतून लावलेली कडी पहिल्या धडकेत निखळली. इद्रीस भिंतीला चिकटला. त्याच्या पुढे इंगा उभी राहिली, तिच्या पुढे आक्का, आणि आक्काच्या पुढे मी, कारण मागे व्हायला जागाच नव्हती. माझं शौर्य एवढंच.

तेव्हा मागून चिंधूचा आवाज आला. गुरवाला वाट द्यायची सवय असते, लोकांनी दिली. तो आमच्यापाशी आला, इद्रीससमोर त्यानं दोन्ही हात पसरले आणि ती गाठोडी मागून घेतली. मग गर्दीकडे वळला. गाठ अजून तशीच होती.

"नथ चोरीला न्हाय गेली. माज्या हातानं गेली," तो म्हणाला. "मेणानं लावलेली. आरतीच्या धगीनं पडली न् मी तांदलाबरोबर ओटीत घातली. या पोराला ठाऊक पन न्हाय. आता सोडतो, बघा."

त्यानं देवीपुढे बसून गाठ सोडली. तांदळात बोटं घातली आणि नथ वर काढली. तिच्या तारेला शेंदरी मेणाचा थेंब चिकटलेला होता. सगळ्यांनी तो पाहिला.

मला वाटलं, सुटलो. पण लडकू पाटील पुढे झाला आणि त्यानं विचारलं की मेण कशाला लागलं. चिंधू एका शब्दानं म्हणू शकला असता, दोरा सापडला नाही. मी त्याचा वकील असतो तर तेच सुचवलं असतं. त्यानं धोतराच्या सोग्यानं देवीच्या नाकावरचा शेंदूर पुसला आणि बाजूला झाला. काळ्या दगडाचं नाक एका बाजूनं फाटलेलं होतं.

ढोल कधी थांबले ते कळलं नाही. मूर्ती भग्न आहे, हे कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण माणसं एकेक पाऊल मागे सरकत होती. पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं. 

बायकांच्या रांगेतून एक म्हातारी पुढे आली. वडप्याची बायजाबाई, यात्रेतली सगळ्यात वयस्क बाई. काठी टेकत ती उंबऱ्यापाशी आली आणि देवीकडे निरखून बघत राहिली. तिचं स्वतःचं नाकही नथीच्या भोकापासून खाली फाटलेलं होतं. आमच्याकडे जुन्या बायकांची फाटतातच, जन्मभर जड नथ वागवून.

"म्हातारी झाली आमची आई," ती म्हणाली. "भारानं माजा नाक फाटला, तिचा पन फाटला. माज्या पोरांनी मला नदीत न्हाय सोडली. लडकू, तू सोडशील हिला?"

लडकू पाटील लहान मुलासारखा रडला. मीही रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या दिवशी पालखीत देवी नथीशिवाय बसली. बायजाबाईनं सांगितलं की म्हातारपणी बाईनं भार उतरवायचा असतो, नथ आता पेटीत राहू दे. कोणी वाद घातला नाही. गुलाल उधळला गेला, ढोल पुन्हा वाजू लागले. मघाशी दार फोडणारी माणसं इंगाच्या पाया पडू लागली, कारण देवीनं आपली नथ हिच्याच ओटीत घातली होती. तिला त्या गर्दीतून काढताना आम्हाला मघापेक्षा जास्त कष्ट पडले.

इद्रीसच्या पाया कोणी पडलं नाही. पाटलानं त्याच्या हातात एक नारळ ठेवला, पण त्याच्या तोंडाकडे बघणं त्याला जमलं नाही. रघूनं जीपच्या फाटक्या गाद्यांतला काथ्या आत कोंबायचा प्रयत्न केला आणि तोही निघून गेला. इद्रीसनं नारळ मागच्या सीटवर माझ्याजवळ ठेवला, गाडी चालू केली आणि माणसांच्या लोंढ्यातून अगदी हळू खाली उतरवली.

टेकडी उतरल्यावर आक्का खुशीत होती. मेण कसं ओळखलं, चिंधूवर संशय कधी आला, हे ती इंगाला तपशिलानं सांगत होती. इंगा मान डोलावत होती. इद्रीस ऐकत होता. तिचं सांगून झालं तेव्हा त्यानं समोर रस्त्याकडे बघतच विचारलं,

"आक्का, नथ सापडली नसती तर?"

आक्कानं हात पुढे करून त्याचा खांद्यावरचा फाटका सदरा सारखा केला.   अंबाडीचा नाका आला, तसा त्यानं गिअर बदलला आणि गाडी भिवंडीच्या रस्त्याला लावली.